होडीचा पंखा आणि सासूबाईंचे कान

मंडळी, कोपरला माझं गाड्यांचं गॅरेज आहे, त्यामुळे मशीनमधलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. आज सकाळपर्यंत.

माझे सासरे बाळकुमचे कोळी. त्यांची लाकडी होडी जड आणि मागे लावलेलं मशीन छोटं, म्हणून वेगच येत नाही. ओहोटीच्या आत जाळं उचलून परत आलं नाही, तर होडी चिखलात रुतते. मी छाती ठोकून म्हटलेलं, "जास्त पिळाचा पंखा लावू, एका फेरीत जास्त पाणी ढकलेल." आज तो नवाकोरा पंखा लावून निघालो, तर मशीन कण्हायलाच लागलं. वेग आधीपेक्षाही कमी!

सासूबाई धक्क्यावर आमच्याकडे पाठ करून मासळी निवडत होत्या. वळूनही न बघता ओरडल्या, "जावईबापू, त्याला ओझं झेपत नाय. फिरा मागं!"

मग त्यांनी घरातून त्यांच्या भावाच्या जुन्या होडीचा पंखा आणला. पाती कमी पिळाची, जवळजवळ सपाट. म्हटलं, याने काय होणार?

तो बसवला आणि मशीन मोकळं होऊन असं गरजलं, ती जड होडी अशी सुटली, की सासरे टोपी धरून बसले. मी कपाळावर हात मारला. चढावर टॉप गिअर टाकू नका, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. पाण्यावर जास्त पिळाचा पंखा लावून मीच तो टाकलेला!

जाळं घेऊन वेळेत परतलो. विचारलं, "आई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तीस वर्षं ऐकतेय मशीनचा आवाज. मला कोणी इचारलं?"

तुमच्या घरात कोणाला विचारायचं राहून गेलंय?