आत्याच्या हातचे खुबे

खाडीच्या ओल्या चिखलाचा वास आला की पेणजवळच्या गावातली माझी आत्या आठवते. मी नुकतीच शाकाहारी झाले होते, पण तिच्या हातची खुब्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची, आमटी सुटत नव्हती. म्हणून शाकाहाराच्या एका प्रचारपत्रकात वाचलेलं मी तिला ऐकवलं, "खुब्याला दुखत नाय, तो मला चालतो." ओहोटीला आम्ही चिखलात उतरलो. नखाएवढे खुबे ती वाढायला तिथेच सोडत होती. माझ्या बोटांना एक शिंपला लागला, तशी ती म्हणाली, "बेगीन धर गो, आत पलतोय तो." खरंच तो माझ्या बोटांखालून खोल सरकत होता. दुपारी आमटीची वाटी मी बाजूला सारली. "दुखत नाय ना त्याला?" असं चिडवत तिने पोह्याचा पापड भाजून माझ्या ताटात ठेवला. तशी पत्रकं आता मी स्वतः लिहिते; आत्याला दोषी ठरवणारी ओळ मात्र माझ्याकडून लिहून होत नाही.