पुसलं, परत आलं

शिंदेसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या भांडारात माल मोजत होते. मासवणजवळ अपघात झाला होता. मूळचे साताऱ्याकडचे सर कुंभवलीच्या आमच्या कारखान्यात संगणक सांभाळायचे. मी तिथलीच कारकून, राहणार घिवलीची.

माझी आई लग्नातली गाणी म्हणायची. मी ती मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. ती ऐकून सर म्हणाले, "कल्पनाताई, मोबाइल पाण्यात पडला तर?" आठवड्याभरात त्यांनी दोन जुने संगणक आणले. एक माझ्या घरी, एक बोईसरला त्यांच्या घरी. माझ्या फायलींची प्रत त्यांच्याकडे जायची, त्यांच्या लॅपटॉपमधल्या फायलींची माझ्याकडे, आपोआप. सॉफ्टवेअर फुकटचं म्हणून मी नाक मुरडलं, तर म्हणाले, "फुकट आहे म्हणून नाही, उघडं आहे म्हणून घ्यायचं. आत काय चाललंय ते कुणालाही वाचता येतं." त्यांचा एक नियम मात्र जाचक होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी एक गाणं मुद्दाम पुसायचं आणि त्यांच्या घरच्या प्रतीतून परत आणायचं. परत आणून ऐकल्याशिवाय प्रत खरी धरायची नाही. आई वैतागायची, "माजं गाणं पुसताव कशाला? मी अजून जिती हाय!" सर हसायचे आणि तिच्या हातचे बोंबील खाऊन जायचे.

मग आई गेली... पुसायच्या बटणावर माझं बोट जाईना. सरांचा फोन आला की मी बेधडक सांगायचे, "पुसलं, परत आलं." ते नुसतं "बरं" म्हणायचे.

सरांच्या तेराव्यानंतर त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, माझ्या घरी आल्या. अपघातात लॅपटॉपचा चुरा झाला होता आणि लेकीचे लहानपणापासूनचे फोटो त्यातच होते. "तुमच्याकडं असतील न्हवं?" त्यांनी विचारलं. वर्षभर मी काहीच तपासलं नव्हतं. सरांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला त्या प्रतीचा पासवर्ड वहिनींनी लिहून आणला होता. तो घातला. फोटो आले, सगळे आले. वहिनी रडल्या, मीही रडले.

सरांच्याच फायलींत 'घिवली' नावाची एक यादी निघाली. दर महिन्याला एक ओळ, "ताईंनी पुसलं नाही. इथल्या प्रतीतून एक गाणं काढून ऐकलं. आईंचा आवाज स्वच्छ." माझं खोटं त्यांना यंत्रातच दिसत होतं. तरी फोनवर ते "बरं"च म्हणायचे.

परवा, महिन्याच्या पहिल्या रविवारी, मी आईचं एक गाणं पुसलं. बोईसरहून परत आणलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि त्या यादीत खाली लिहिलं... सर, आज खरंच पुसलं.