मिठाची चिमूट

न कळवताच आईकडे गेलो, तेव्हा ती एकटी जेवायला बसत होती. ताटातली काकडीची कोशिंबीर पाण्यात पोहत होती.

आमच्याकडे कोशिंबिरीत मीठ सगळ्यांत शेवटी पडायचं. काकडी चोचवून, दाण्याचं कूट घालून पातेली झाकलेली असायची. बाबा हातपाय धुऊन पानावर बसले की मगच आई मीठ घालायची. "आधी घातलं की पाणी सुटतं," म्हणायची.

शाळेत मी हेच शिकवतो. पेशीभोवती पातळ पडदा असतो. बाहेर मीठ वाढलं की आतलं पाणी आपसूक निघून जातं, त्याला कष्ट पडत नाहीत. पण बाहेर जे थोडंच आहे ते आत ओढून घ्यायचं, तर पेशीला स्वतःची शक्ती खर्चावी लागते. या घरातूनही माणसं अशीच आपसूक गेली. बाबा वारले, ताई सासरी गेली, मी नोकरीच्या गावी. परत यायलाच काय तो जोर लागत होता, आणि तो आम्ही फारसा लावला नाही.

"आई, हल्ली मीठ आधीच घालतेस?"

"मग काय, चोचवतानाच टाकते. थांबायचं कोणासाठी?"

एवढं बोलून ती उठलीच. माझं पान घेतलं, दुसरी काकडी चोचवली. मग मिठाची चिमूट बोटांत धरून, मी हात धुऊन येईपर्यंत तशीच उभी राहिली.