बियावालीचा उतार

बियावाली कुणाशी शांतपणे बोललेली मी पाहिली नाही. सकाळी वनखात्याच्या नर्सरीत पाय टाकला की ती आधी पाण्याच्या पाइपवर चिडायची, मग सावलीच्या फाटक्या जाळीवर, मग माझ्यावर. "गारड, पाणी घातलं का फेकलं?" एवढं विचारून उत्तराची वाट न बघता ती खाली बसायची आणि आडवी झालेली रोपं एकेक करून सरळ करायची. घरी ती पावरी बोले. मराठी कामापुरती, आणि त्या मराठीत 'तुम्ही' नव्हतं. मजुरापासून मोठ्या साहेबापर्यंत सगळ्यांना तू.

मी रनाळ्याचा, सपाटीवरचा माणूस. वनरक्षक म्हणून सातपुड्यात पहिली नेमणूक झाली तेव्हा आई म्हणाली होती, "जंगलमा नोकरी शे, सावली तरी भेटी." माझीही समज त्याहून फार पुढची नव्हती. पहिल्याच दिवशी बियावालीने माझ्यापुढे मूठ उघडली. सात-आठ जातींच्या बिया होत्या. मला एक सागाची ओळखता आली.

"साग तू राखशील," ती म्हणाली. "बाकीचं कोण राखणार?"

तिचं खरं नाव नर्सरीत कुणी घेत नसे. बिया गोळा करणं हे तिचं काम, म्हणून बियावाली. मी मावशी म्हणायचो. बी झाडावरून ओरबाडलेली तिला चालत नसे. ती खाली पडलेली वेचायची, आणि त्यातही निवड करायची. एकदा तिने मला अस्वलाच्या विष्ठेशेजारी उकिडवं बसवलं. आत टेंभुर्णीच्या बिया होत्या. "ही त्याच्या पोटातून आली, ही उगवेल," म्हणाली. "धनेश इथं फळ खातो, बी पलीकडच्या डोंगरावर टाकतो. अस्वल गेलं, पक्षी गेला, मग तू खड्डे खणत बस." माझ्या प्रशिक्षणात हे होतं, एका पानावर. परीक्षेपुरतं पाठ करून मी ते विसरलो होतो.

मोहाची बी पडल्यापासून आठवड्यात मातीत गेली पाहिजे, नाहीतर मरते, हे तिने मला इतक्यांदा ऐकवलं की मी कंटाळलो. मग एका पावसाळ्याच्या शेवटी कुठून तरी मोहाच्या बियांची पोती आली आणि पेरायचा हुकूम आला. बियावालीने विळ्याने एक बी चिरून माझ्या नाकाखाली धरली. आत काळी बुरशी. "मेलेलं पेरतो? मग पाणी कशाला घालतो, दिवा लाव." पोती पेरली गेली. एकही कोंब आला नाही. कागदावर उगवण चांगली दाखवली गेली, आणि ती दाखवणारा हात माझा होता.

तिच्या पाड्याच्या मागे एक उतार होता. मोह, चारोळी, धावडा, सालई, बेहडा, मध्ये बांबूची बेटं आणि खाली एक झिरा, उन्हाळ्यातही ओला. तिथे नवं रोपवन घ्यायचं ठरलं. रोपवन घ्यायचं तर आधी तिथे जंगल नाही असं म्हणावं लागतं. माझ्याकडे आलेल्या फॉर्मवर 'विरळ झुडपी क्षेत्र' हे शब्द आधीच भरलेले होते. मी खाली सही केली. झाडांवर खुणा पडायला लागल्या तेव्हा तिला कळलं.

"वरून तसंच आलं होतं, मावशी."

"कागद वरून आला. डोळे कुणाचे होते?"

तिने तोड अडवली नाही. कुऱ्हाड घेतलेल्यांत तिचा जावईच होता, आणि त्याला मजुरी हवी होती. ती तीन दिवस त्यांच्या मागून चालत राहिली. झाड पडलं की त्याचं नाव मोठ्याने घ्यायची. फक्त नाव. दुसऱ्या दिवशी दुपारी जावयाने कुऱ्हाड खाली टाकली आणि तो घरी निघून गेला. बाकीच्यांनी काम पुरं केलं.

मग त्या उतारावर एकाच जातीची रोपं ओळीने लागली. वर पाटी लागली. पहिल्या पावसात उघडी माती वाहून झिऱ्यात बसली, आणि होळीच्या आत झिरा आटला. पाड्यातल्या बायका हंडे घेऊन घाट उतरायला लागल्या. रोपं तर त्याही आधी वाळली होती.

याच सुमारास वरून तपासणी आली. आदल्या दिवशी दुपारी आम्ही नर्सरीतली रोपं डोक्यावरून वाहून नेली आणि वाळलेल्यांच्या जागी खोचली. वाहणाऱ्या बायकांत बियावाली होती. त्या दुपारी ती माझ्यावर एकदाही चिडली नाही. मला वाटलं, दमली असेल.

सकाळी मोठे साहेब दोन ओळी चालून आले, समाधानाने मान हलवली आणि गाडीकडे वळले. तेवढ्यात बियावाली वाकली आणि समोरचं रोप तिने उपटलं. मुळांवर काळी प्लास्टिकची पिशवी तशीच होती.

"बघ," ती साहेबांना म्हणाली. "हे झाड पिशवी नेसून उगवलं. काल दुपारी मी आणलं. हा गारड मोजत होता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खरं बोलायला मला एक क्षण पुरला असता. मी म्हणालो, "मजूर आहे साहेब. हिला काय कळतं?"

दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर घ्यायचं नाही असं तोंडी सांगण्यात आलं. ते तिला सांगायलाही मीच गेलो. तिने ऐकून घेतलं आणि दार लोटलं.

महिनाभर मी त्या वाटेने जायचं टाळलं. मग एका रविवारी गेलो. ती अंगणात चारोळी फोडत बसली होती. मी माफी मागायला सुरुवात केली, तर तिने हात वर करून थांबवलं.

"माझ्याजवळ कशाला मागतो? माझं काय तोडलं तू?"

"मग काय करू?"

"लिही. खोटं लिहायला हात चालतो ना? तिथं काय होतं ते लिही."

पुढचे तीन रविवार तिने सांगितलं आणि मी लिहिलं. कुठलं झाड कुठे होतं, त्यावर कोण बसायचं, खाली काय उगवायचं, मुळाशी कुठलं पाणी होतं. अनेक झाडांना मला मराठी नाव सापडेना, तिथे तिचं पावरी नाव ठेवलं. मधेच मी घाई केली की ती खेकसायची, "तोडायला तीन दिवस लागले, लिहायला लागू दे." शेवटी तिने अंगठा उठवला, मी सही केली, आणि आधीचा फॉर्म खोटा होता असं वेगळ्या ओळीत लिहून ते सगळं मी वर पाठवलं.

पुढच्या थंडीत ती लेकीबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेली. नर्सरी सुटल्यावर दुसरं काम नव्हतं. तिथल्या फडावर तापाने गेली. तिची लेक मला म्हसावदच्या बाजारात भेटली तेव्हा कळलं, पंधरा दिवसांनी. त्या वयात तिला उसात कुणी पाठवलं, याचा हिशेब मला दुसऱ्या कुणाकडे मागायची गरज नव्हती.

त्यानंतर आमच्या कार्यालयातून एक नोटीस निघाली. उताराबाबत केलेल्या आरोपांच्या चौकशीसाठी पुराव्यासह समक्ष हजर राहावे. कागदावर सही माझीही होती, पण नोटिशीत माझं नाव नव्हतं. त्यावर फक्त तिचं पूर्ण नाव होतं, बापाच्या आणि नवऱ्याच्या नावासह, एकही चूक न करता. इतकी वर्षं हजेरीपटावर ती 'स्त्री मजूर' होती. आता ती जिवंत नव्हती, तर यांना तिचं नाव सापडलं होतं. आणि ती नोटीस बजावायला दिली होती माझ्याकडे.

कार्यालयातले साहेब म्हणाले, "मयत म्हणून शेरा मारा आणि परत करा. प्रकरण मिटेल."

मी नोटीस टेबलावर ठेवली आणि त्यांच्यासमोरच शेरा लिहिला: 'संबंधित बाई मयत. तिच्या वतीने मी हजर राहीन.'