पाठमोरा विक्रेता

कॉलेज रोडवरच्या संगणकांच्या दुकानातला देवळ्याकडचा विक्रेता प्रत्येक यंत्र दाखवण्यापूर्वी बाहीने पुसतो. कीबोर्ड जोडता येणाऱ्या टॅब्लेट-लॅपटॉपला तो ‘जोडधंदेवाला’ म्हणतो. मी चौथ्यांदा गेलो, तेव्हा त्याने साधा टॅब्लेटही शेजारी मांडला.

“हा हलका हाय, पण टायपायला घेतला की स्क्रीनवरचा कीबोर्डच अर्धा कागद खातो. जोडधंदेवाला मांडीवर डुगडुगतो, टेबलावर मात्र लय दमदार. काम काय करायचंय, सर?”

“पत्रव्यवहार,” मी म्हणालो. साठीनंतर कथा लिहावीशी वाटते, हे सांगण्याचा संकोच वाटला.

त्याने खुर्ची पुढे सरकवली आणि माझ्याकडे पाठ केली. “लिहून बघा. मी बघत नाय.”

टॅब्लेटवर एक वाक्य कसेबसे जमले. जोडधंदेवाल्यावर दुसरे, तिसरे, आणि पुढे मी मोजायचे विसरलो.

“झालं का पत्र?” त्याने पाठमोऱ्यानेच विचारले.

“कथा आहे,” मी म्हणालो.