पेटीवाल्या बाईंचं मेहूण

पुरुषानं पेटीला हात लावलेला पेटीवाल्या बाईंना खपत नसे. एकदा एका भजनीबुवांनी हौसेनं सूर दाबून पाहिला, तर बाईंनी पेटी तिथल्या तिथं मिटली. बुवांची बोटं थोडक्यात वाचली. "तुमच्या मंडळात मी येते का ढवळाढवळ करायला?" असं वर विचारलं.

भोकरदनात तेव्हा बायकांच्या भजनालाही वाजवायला पुरुषच लागे. बायकांनी गायचं, टाळ कुटायचे आणि ढोलकीवाल्याला चहा द्यायचा. शाळेत गाणं शिकवणाऱ्या या बाईंनी आम्हा काही जणींना जमवलं आणि पेटी स्वतःकडे घेतली. ढोलकीचं मात्र अडलं. मग एका मुसलमान लग्नघरी त्यांनी नसीमआपाचा ढोलक ऐकला. त्यांच्यात लग्नाच्या गाण्यांना ढोलक बायकाच वाजवतात. इतकी वर्षं शेजारी राहून हे आमच्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

नसीमआपा तालमीला आली ती बाईंकडेच राहिली. गावात चर्चा झाली, पण कसली? तर ढोलकीवाल्याचा धंदा बुडाला याची! दोघींचं एकमेकींवर नवराबायकोसारखं प्रेम होतं. आम्हा मंडळातल्या बायकांना ते कळलं होतं. गावाला कळलं नव्हतं, आणि आम्हीही गावाला शहाणं करायच्या भानगडीत पडलो नाही.

मुलगी झालेल्या घरी बाई आम्हाला बिनबोलावता पाळणा म्हणायला नेत. सासू आठ्या घालून बसे. "मोठ्यानं म्हणा गं," बाई म्हणत, "सासूबाईंना कमी ऐकू येतंय."

मग एक दिवस नसीमआपाचा भाऊ परभणीचा एक बिजवर ठरवून तिला न्यायला आला. आमचं भजन त्या दिवशी मंडळातल्या गोदाकाकूंकडे होतं, म्हणून तो तिथंच येऊन थडकला. काकूंकडे कुळाचार होता. आधी मेहूण, म्हणजे एक नवराबायको, जेवू घालायचं आणि मगच पंगत. आष्टीहून येणाऱ्या मेहुणाची एस्टी चुकली होती. घरभर माणसं भुकेली. आणि ओसरीवर भाऊ म्हणतोय, "सामान बांध, जल्दी." नसीमआपा रडत होती, "मैं नै जाती, भाई." बाई भिंतीला टेकून उभ्या. त्यांना काय हक्कानं अडवता येणार होतं?

काकूंनी भावाकडं पाहिलं, या दोघींकडं पाहिलं आणि शेजारी शेजारी दोन पाट मांडले. "बाई, नसीम, बसा मेहूण म्हनून."

दोघींच्या पायांवर पाणी घातलं, पानं वाढली. भाऊ पुढं झाला तशा काकू कडाडल्या, "मेहूण पानावरून उठवत न्हाईत, भाऊ! तुमीबी बसा. पोळी गरम हाय."

दुसऱ्याच्या देवाशी पाहुण्यानं कसं भांडावं? बसला बिचारा. पण जेवताना त्याचं लक्ष समोर होतं. बहीण पदरानं डोळे पुसत होती आणि बाई तिची पोळी मोडून देत होत्या. निघताना तो बाईंना एवढंच म्हणाला, "इसका खयाल रखो." संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला. साऱ्या गावाला जे दिसलं नाही, ते त्याला एका जेवणात दिसलं. गावानं मात्र बायकांची गंमत म्हणून चार दिवस हसून घेतलं.

बाई गेल्या तेव्हा पुण्याहून भाचा आला. कित्येक वर्षांत आत्याकडे फिरकला नव्हता, पण बैठकीत हात जोडून बसला आणि गाव त्याच्यापुढं हळहळत राहिलं. मला भयंकर राग आला. आम्ही मंडळातल्या साऱ्या त्याच्यासमोरून थेट आत गेलो. नसीमआपा स्वयंपाकघरात एकटी, कोरड्या डोळ्यांनी बसली होती. म्हाताऱ्या गोदाकाकू तिच्याजवळ टेकल्या, तिचं डोकं छातीशी धरलं.

"तुजं माणूस गेलं गं, पोरी."

तेव्हा कुठं नसीमआपा रडली.