प्रेशरअक्का

अक्का कुठल्याही काट्यावर एकदम विश्वास ठेवायच्या नाहीत. स्टेशनवरचं वजनाचं यंत्र असो, बस-ड्रायव्हरपुढचं वेगाचं घड्याळ असो, आधी काचेवर नखाने टिचकी मारायच्या, काटा थरथरून कुठे थांबतो ते बघायच्या आणि मगच तो काय सांगतो ते ऐकून घ्यायच्या. एकदा मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब वाढलाय असं सांगितलं. अक्का शांतपणे म्हणाल्या, "माझा वाढला असेल की. पण ह्या घड्याळाचं काय? ते कधी तपासून घेतलंय?" डॉक्टर हसले. अक्का हसल्या नाहीत, कारण त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हा अक्का तिथे विज्ञान शिकवत. सात रस्त्याजवळ त्यांचं घर होतं. मागची खोली त्यांनी मला राहायला दिली. त्यांचे यजमान गिरण्यांच्या बॉयलरवरची प्रेशरची घड्याळं दुरुस्त करायचे. ते गेल्यावर अक्कांनी दुकान बंद केलं, पण हत्यारं घरी आणली आणि शाळा सुटल्यावर तेच काम सुरू ठेवलं. गिरणीची माणसं पिशवीत घड्याळं घालून त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. गल्लीतल्या बायका प्रेशर कुकर घेऊन येत. दोन्ही कामं त्या सारख्याच गांभीर्याने करत. 'प्रेशरअक्का' हे नाव त्यांना कुणी दिलं कोण जाणे, पण पोस्टमनसुद्धा त्याच नावाने पत्ता शोधायचा.

धाकटे भाऊ अप्पा त्यांच्याकडेच राहत. ते विमानदलात मेकॅनिक होते, तिथून सुटल्यावर विमान चालवायलाही शिकले होते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते कित्येक वर्षं स्वतःच्या हाताने दोन माणसांचं विमान बांधत होते. मी पहिल्यांदा शेडचं दार उघडून आत डोकावले तेव्हा दारातच उभी राहिले. लाकडाच्या बारीक फासळ्यांचा तो लांबलचक पंख छतापासून दोरांनी टांगलेला होता आणि खाली अप्पा मांडी घालून भाकरी खात होते. पंखावर चढवायचं कापड त्यांनी शहराच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकराकडून मुद्दाम घट्ट विणून घेतलं होतं. इंजिन भंगारातून आणून पुन्हा उभं केलेलं. लोक त्यांना वेडे म्हणत. अक्का म्हणायच्या, "वेडा आहेच. म्हणून तर नीट बांधायला पाहिजे."

त्या विमानात अक्कांकडे एकच काम होतं. इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारं घड्याळ. दाब गेला की तेल फिरत नाही, तेल फिरलं नाही की इंजिन आतल्या आत जळून आवळतं, जाम होतं. तेलाची नळी थेट बसायच्या जागेपर्यंत आणली आणि ती फुटली, तर उकळतं तेल तोंडावर येईल. म्हणून अप्पांनी इंजिनावर पितळेची एक छोटी डबी बसवायची ठरवली होती. तेलाचा दाब तिच्या आतल्या पातळ पडद्याला रेटणार, त्याप्रमाणे तारेतली वीज कमी-जास्त होणार आणि समोरच्या घड्याळाचा काटा सरकणार. ती डबी खरं बोलते की नाही, हे ठरवणं अक्कांचं काम.

ते तपासायचं यंत्र यजमानांच्या वेळचं होतं. तेलात उभा असलेला एक गुळगुळीत दांडा आणि त्यावर ठेवायच्या जड चकत्या. चकत्या चढवल्या की त्यांच्या वजनाने तेलावर नेमका दाब येई, आणि तोच दाब डबीपर्यंत पोचे. अक्का पदर खोचून चकत्यांना हाताने अलगद गिरकी देत. तेवढं लोखंड तेलावर तरंगत, जरासुद्धा आवाज न करता फिरत राही. "फिरत नसलं तर दांडा कुठंतरी घासतोय. मग सगळंच खोटं," त्या म्हणायच्या. मी कविता शिकवणारी बाई, मला त्यातलं काय कळणार? पण त्या फिरणाऱ्या चकत्यांकडे बघताना मी श्वास रोखून धरी. बोलले तर काहीतरी मोडेल असं वाटे.

विमान पूर्ण झालं. उडवायची परवानगी मिळाली. होटगी रस्त्यावरच्या धावपट्टीवर मांडव घातला गेला, पाहुणे ठरले, हारांची ऑर्डर गेली. आणि आदल्या दिवशी अक्कांनी ती डबी स्वयंपाकघरात नेली, कढईतल्या गरम तेलात बुडवली आणि पुन्हा यंत्राला जोडली. गार असताना अगदी बरोबर बोलणारी डबी तापल्यावर बदलली. अक्कांनी निम्म्या चकत्या उतरवल्या तरी काटा जवळजवळ तिथेच. त्यांनी टिचकी मारली. काटा हलला नाही.

"अप्पा, उद्या उडायचं नाही."

अप्पा हात पुसत आत आले. "अक्का, इंजिन मी स्वतः कितीदा चालवून बघितलंय. झकास चाललंय की!"

"इंजिन झकास आहे. बिघडलं तर ही तुला सांगणार नाही, एवढंच."

"लोकं येणारेत सगळी! काय तोंड दाखवू त्यांना?"

"येऊ देत. हार घाल, नारळ फोड, पेढे वाट. चाक जमिनीवरून उचलायचं नाही."

अप्पा लाल झाले. भावाचं इतक्या वर्षांचं स्वप्न एका काट्यापायी अडवतेस, असं पुष्कळ काही ते घरच्या कानडीत बोलले. अक्का ऐकत राहिल्या आणि ती डबी कपड्याने पुसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर भाषणं झाली, विमान नुसतं पळवून दाखवलं आणि लोक टिंगल करत घरी गेले. अप्पांनी बरेच दिवस बहिणीशी अबोला धरला. त्या रोज त्यांचं ताट वाढायच्या, ते मुकाट्याने जेवायचे.

अक्कांनी जुन्या लष्करी गाड्यांच्या भंगारातून अशाच कितीतरी डब्या मिळवल्या. एकेक गार तपासायची, मग तापवून तपासायची, चकत्या चढवताना आणि पुन्हा उतरवतानाही बघायची. बहुतेक फेकल्या गेल्या. अखेर एक पसंत पडली. तिच्या हिशोबाने त्यांनी घड्याळाच्या काचेवर स्वतः बारीक कुंचल्याने लाल रेघ काढली आणि अप्पांपुढे ठेवून म्हणाल्या, "आता जा."

पहिल्या छोट्या फेऱ्या अप्पांनी एकट्यानेच मारल्या. विमान छान उडालं. मग जास्त वेळ वर राहायचं ठरलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "मी बसते. इंजिन खरं तापल्यावर काटा काय करतो ते मला बघायचंय." पन्नाशी उलटलेल्या, आयुष्यात कधी विमानात न बसलेल्या अक्का साडीवर अप्पांचा जुना कोट चढवून त्या इवल्याशा जागेत जाऊन बसल्या. मी धावपट्टीच्या कडेला उभी होते. विमान वर गेलं, शहराला वळसा घालून होटगीकडे वळलं. आवाज नीट येत होता. आणि एकाएकी तो थांबला.

विमान झाडांमागे उतरताना दिसलं, मग दिसेनासं झालं. धावपट्टीवरची दोघं-तिघं आणि मी जीपमधून कच्च्या रस्त्याने निघालो. ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या काळ्या रानात ते उभं होतं. एक चाक मोडलेलं, पंख एका बाजूला टेकलेला. भोवती मेंढरं, आणि एक म्हातारा धनगर काठी टेकून अक्कांशी बोलत होता. त्यांच्या हनुवटीतून रक्त येत होतं.

"पडलं काय वो बाई, इमान?" तो विचारत होता.

"नाही ओ," अक्का म्हणाल्या, "उतरवलं."

अप्पा विमानाखाली आडवे झाले होते. पोटाकडचं सगळं कापड तेलाने काळं झालं होतं. इंजिनाच्या तळाशी तेलाच्या नळीचा सांधा चिरला होता. अप्पा बाहेर आले, बहिणीसमोर उभे राहिले आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "ऊठ, चाकाचं बघ," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

पुढे माझं लग्न झालं, मी सोलापूर सोडलं. विमान दुरुस्त होऊन काही वर्षं उडालं. अक्का निवृत्त झाल्या आणि एका हिवाळ्यात, थोड्याशा आजाराने, गेल्या. त्यानंतर मी भेटायला गेले तेव्हा अप्पा ओट्यावर एकटेच बसले होते. त्या दिवशी वर काय झालं ते त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

काटा लाल रेघेखाली आला तेव्हा इंजिन उत्तम चालत होतं. समोर धावपट्टी दिसत होती. मध्ये वस्ती होती, विजेच्या तारा होत्या. अप्पा म्हणाले, "अक्का, पोचतोय की आपण. काटा चुकत असंल." अक्का म्हणाल्या, "चुकत असेल तर एक चाक मोडेल. बरोबर असेल तर आपण कुणाच्या तरी घरावर पडू. बंद कर." अप्पांनी इंजिन बंद केलं.

"मग कसलाच आवाज राहिला नाही बघा," अप्पा म्हणाले. "नुसता वारा. मी खाली जागा बघतोय. तोवर ती एकदासुद्धा बाहेर बघितली नव्हती. तेव्हा तिनं मान वर केली, चारी बाजूंनी बघितलं, आणि काय म्हणाली माहितंय?"

"'एष्ट छंद ऐती, अप्पा,' म्हणाली. 'किती सुंदर आहे रे हे!'"